अमेरिकेवर निर्बंध लावायचेत? मग आधी एका शनिवारी क्लाउड तोडून बघा

जानेवारी २०२६ मध्ये डेन्मार्कच्या ताब्यातलं ग्रीनलँड हवं म्हणून अमेरिकेने आठ युरोपीय देशांना टॅरिफची धमकी दिली, तेव्हापासून मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातोय, पुण्यातल्या मित्रांकडून, भाच्याकडून, इथल्या सहकाऱ्यांकडूनही. युरोपियन युनियनमध्ये ४५ कोटी लोक, एवढा मोठा बाजार, मग उलट अमेरिकेवरच निर्बंध का नाही लावत, आणि अमेरिकन टेक्नॉलॉजी सोडून देणं खरंच शक्य आहे का की नुसत्या गप्पा आहेत?

शक्य आहे. मी ते होताना बघितलंय, स्वतः केलंय. पण बहुतेक लोक उलट्या क्रमाने विचार करतात, म्हणजे आधी निर्बंध लावू आणि मग हळूहळू आपलं आपलं उभं करू. तसं होत नाही. आपल्या घरातले कोणते स्विच समोरच्याच्या हातात आहेत ते आधी मोजावं लागतं, त्यातले निदान तीन-चार परत आपल्याकडे घ्यावे लागतात, त्यानंतर कुठे आपल्या धमकीची कोणी दखल घेतं.

मी मूळचा कोथरूडचा, गेली १९ वर्षं उत्तर जर्मनीत आहे. काम म्हणाल तर सरकारी आणि निमसरकारी ऑफिसांचे मेल, लॉगिन, फाइल सर्व्हर एका सिस्टीमवरून दुसऱ्या सिस्टीमवर नेणं, ज्याला आम्ही मायग्रेशन म्हणतो. राजकारण माझा विषय नाही, पण गेल्या तीन-चार वर्षांत राजकारणच आमच्या सर्व्हर रूममध्ये येऊन बसलंय, त्यामुळे आता त्यावर बोलावंच लागतं.

आधी ग्रीनलँडचं. १७ जानेवारीला ट्रम्पने जाहीर केलं की डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फिनलंडच्या मालावर १ फेब्रुवारीपासून १० टक्के आणि १ जूनपासून २५ टक्के जादा टॅरिफ लागेल. फ्रान्सने लगेच युरोपियन युनियनच्या अँटी-कोअर्शन (जबरदस्तीविरोधी) कायद्याचं नाव काढलं, इथल्या पेपरांत त्याला बझूका म्हणतात. हा कायदा २७ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. त्याचं मूळ लिथुआनियात आहे, २०२१ मध्ये त्या देशाने तैवानला तैवानच्याच नावाने ऑफिस उघडू दिलं म्हणून चीनने लिथुआनियाचा माल अडवला, तेव्हा ब्रसेल्सच्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या, लक्षात आलं की आपल्या एका मेंबरचा गळा कोणी धरला तर आपल्याकडे उत्तर द्यायला धड हत्यारच नाही. कायद्यात तरतुदी भरपूर आहेत, नुसतं टॅरिफ नाही, तर त्या देशाच्या कंपन्यांना सरकारी टेंडरमधून बाहेर ठेवणं, सेवांवर बंधनं, गुंतवणुकीवर बंधनं, अगदी पेटंट-कॉपीराइटचं संरक्षण थांबवण्यापर्यंत. पण तो चालवायला वेळ लागतो. कमिशनच्या, म्हणजे युनियनच्या कार्यकारी यंत्रणेच्या, तपासणीला साधारण चार महिने, मग कौन्सिलला, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांना, आठ-दहा आठवडे, आणि तिथे पात्र बहुमत हवं, म्हणजे ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या. २१ जानेवारीला स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या परिषदेत ट्रम्पनेच धमकी मागे घेतली आणि बझूका होता तिथेच राहिला.

लोक म्हणतात युरोप घाबरला. मी म्हणेन युरोपने हिशोब केला. बघा, मालाच्या व्यापारात युरोप अमेरिकेला जास्त विकतो, पण सेवांमध्ये उलट आहे. २०२३ मध्ये युरोपियन युनियनने अमेरिकेकडून ४२७ अब्ज युरोच्या सेवा घेतल्या आणि ३१९ अब्जच्या विकल्या. कागदावर बघितलं तर वाटतं, अरे वा, आपण एवढे मोठे गिऱ्हाईक, आपणच हात आखडता घेऊ. पण गावात एकच पिठाची गिरणी असेल आणि गिरणीवाल्याशी भांडण काढायचं असेल तर आधी घरात जातं आहे का ते बघावं लागतं, नाहीतर दोन दिवसांनी आपणच डबा घेऊन त्याच्या दारात. युरोपच्या क्लाउड बाजाराचा, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरच्या सर्व्हरच्या धंद्याचा, साधारण ७० टक्के हिस्सा अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गुगल या तीन कंपन्यांकडे आहे आणि सगळ्या युरोपियन कंपन्या मिळून १५ टक्क्यांच्या आसपास. जातं आहे, पण फार छोटं आहे.

यात मला इन्स्टेक्सची, म्हणजे डॉलर टाळून इराणशी व्यवहार करायच्या युरोपियन व्यवस्थेची, गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण युरोपने अमेरिकेला नाही म्हणायचा खरा प्रयत्न त्यात केला होता आणि तो का फसला हे नीट समजून घेतलं तर अर्धा प्रश्न सुटतो. मे २०१८ मध्ये अमेरिका इराणच्या अणुकरारातून बाहेर पडली आणि निर्बंध परत लावले. युरोपला करार टिकवायचा होता. युरोपकडे १९९६ चा एक जुना कायदा होता, क्युबावरच्या अमेरिकन निर्बंधांच्या वेळी केलेला, त्यात म्हटलंय की युरोपियन कंपन्यांनी असले परकीय निर्बंध पाळायचे नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये तो इराणसाठी अपडेट केला. म्हणजे कायद्याने सांगितलं, अमेरिकेचं ऐकू नका. आणि त्याच महिन्यात फ्रान्सच्या टोटल कंपनीचं इराणच्या साउथ पार्स गॅस प्रकल्पातून बाहेर पडणं पक्कं झालं. का, तर तिचे बँकर, तिचं कर्ज, तिचे शेअरहोल्डर सगळे डॉलरशी बांधलेले. नोव्हेंबरमध्ये स्विफ्टने, जी बँकांचे आंतरराष्ट्रीय पैशांचे निरोप नेणारी, बेल्जियममध्ये बसलेली संस्था आहे हे लक्षात घ्या, इराणी बँका तोडल्या. मग जानेवारी २०१९ मध्ये जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटनने पॅरिसमध्ये इन्स्टेक्स काढलं, डॉलरला हात न लावता हिशोब मिटवायची व्यवस्था. पहिला व्यवहार झाला मार्च २०२० मध्ये, औषधी मालाचा, आणि त्यानंतर दुसरा झालाच नाही, २०२३ च्या सुरुवातीला दुकान बंद. तीन मोठी सरकारं, चांगली माणसं, कायदा बाजूने, आणि पदरात एक व्यवहार. कारण पर्यायी नळ टाकला पण ज्यांनी पाणी भरायचं त्या बँकांना मुख्य टाकीतून हाकलले जाण्याची भीती होती, त्या कशाला येतील.

अमेरिका जेव्हा खरंच स्विच दाबते तेव्हा माणसाच्या आयुष्यात काय होतं ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या लोकांना विचारावं. ६ फेब्रुवारी २०२५ च्या आदेशाने मुख्य अभियोक्ता करीम खान यांच्यावर निर्बंध आले, मे महिन्यात बातमी आली की त्यांचं मायक्रोसॉफ्टचं ईमेल बंद झालं आणि ते स्विस कंपनी प्रोटॉनच्या मेलवर गेले. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं की आम्ही न्यायालयाची सेवा कधीच थांबवली नाही. पण द हेगमधल्या त्या बातमीने युरोपभरच्या सरकारी आयटीवाल्यांची झोप उडाली हे मी स्वतः अनुभवलं, दोन वर्षं माझ्या ज्या प्रस्तावाला कोणी उत्तर दिलं नव्हतं त्यावर एका आठवड्यात तीन मीटिंगा लागल्या. त्याच न्यायालयाचे फ्रेंच न्यायाधीश निकोला गियू यांच्यावर ऑगस्टमध्ये निर्बंध लागले, त्यांनी नंतर सांगितलं की अ‍ॅमेझॉन, एअरबीएनबी, पेपाल सगळी खाती गेली, फ्रान्समधल्याच हॉटेलचं बुकिंग अमेरिकन साइटवरून केलेलं तेही रद्द झालं. फ्रान्सचा माणूस, फ्रान्समधलं हॉटेल, आणि मधला एक तुकडा अमेरिकन. न्यायालय आता ओपनडेस्क नावाच्या जर्मन सरकारी ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) पॅकेजवर जातंय.

आपल्याकडचं उदाहरण याहून जास्त बोलकं आहे. १८ जुलै २०२५ ला युरोपियन युनियनने रशियावरच्या १८ व्या पॅकेजमध्ये गुजरातच्या वाडिनारची नायरा एनर्जीची रिफायनरी धरली, कारण त्यात रशियाच्या रोझनेफ्टचा ४९.१३ टक्के वाटा. चार दिवसांनी मायक्रोसॉफ्टने नायराची मेल आणि टीम्स थांबवलं. आता नीट बघा, निर्बंध युरोपचे, कंपनी अमेरिकेची, गिऱ्हाईक भारतातलं, भारत हे निर्बंध मानत नाही आणि लायसन्सचे पैसे भरलेले. नायराने दिल्ली हायकोर्टात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा परत सुरू झाली. देशाच्या एकूण रिफायनिंगपैकी आठ टक्के करणारी कंपनी, आणि तिच्या लोकांना आठवडाभर एकमेकांना मेल करता येईना. त्यामुळे आपण कुठल्या भांडणात नाही म्हणून आपण सुरक्षित, असं कोणी म्हणालं तर मी त्याला वाडिनार दाखवतो.

आता माझ्या कामातलं. ऑफिसचं नाव सांगत नाही, साधारण ६०० माणसांचं सार्वजनिक ऑफिस समजा. २०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याकडे एक ड्रिल केली. शनिवारी सकाळी आठ वाजता फायरवॉलवर, म्हणजे नेटवर्कच्या दारावर, त्यांच्या अमेरिकन क्लाउड कंपनीचे सगळे पत्ते ब्लॉक करून टाकले, जणू काही सेवा थांबली, आणि बसलो बघत. मेल जाणार हे सगळ्यांनाच माहीत होतं, त्याची तयारी होती. पण जे लॅपटॉप आधीपासून चालू होते त्यांत लॉगिन टिकून राहिलं आणि जे सकाळी उघडले त्यांतल्या बऱ्याच लोकांना आतच जाता येईना. घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायला, म्हणजे व्हीपीएन लावायला, फोनवरच्या अ‍ॅपचा कोड लागतो, तो कोड क्लाउडमधून येतो, म्हणजे व्हीपीएन गेलं. टेबलावरचे फोन दोन वर्षांपूर्वी पैसे वाचवायला क्लाउडवर टाकले होते, ते गेले. दाराची कार्डं चालत होती पण नवीन कार्ड काढायचा प्रोग्रॅम सिंगल साइन-ऑनला, म्हणजे एकाच क्लाउड लॉगिनने सगळं उघडणाऱ्या व्यवस्थेला, जोडलेला, त्यामुळे मदतीला बोलावलेला बाहेरचा इंजिनियर २० मिनिटं गेटवर उभा. आणि बॅकअप! बॅकअप त्यांच्याच तळघरात होता, डिस्कवर, आपल्या मालकीचा, सगळं व्यवस्थित, पण तो उघडायच्या कन्सोलचं लॉगिन क्लाउडचं. म्हणजे तिजोरी घरात आणि किल्ली परगावी.

आपत्कालीन वेळी कोणाला फोन करायचा त्याची यादी कुठे होती, तर क्लाउडवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये. शेवटी पगारपत्रक बघणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंच्या ड्रॉवरमध्ये छापील कागद निघाला, त्यांनी दर सहा महिन्यांनी प्रिंट काढायची सवय सोडली नव्हती म्हणून आम्हाला नंबर मिळाले. ११ वाजता ड्रिल थांबवली. तीन तासांत जे कळलं ते कन्सल्टंटच्या दोनशे पानी रिपोर्टमध्ये मला कधी दिसलं नव्हतं.

म्हणून मला कोणी विचारलं की अमेरिकन टेक्नॉलॉजीवरचं अवलंबित्व नेमकं कुठे आहे, तर मी वर्ड-एक्सेलकडे बोट दाखवत नाही. ते दिसतं म्हणून लोक तिकडे बघतात. खरी गाठ लॉगिनमध्ये आहे. तू कोण आणि तुला कुठे जायची परवानगी आहे हे जो ठरवतो त्याच्या हातात सगळं. त्यामुळे माझ्या यादीत पहिलं काम म्हणजे लॉगिनची डिरेक्टरी स्वतःच्या सर्व्हरवर, आणीबाणीची दोन अ‍ॅडमिन अकाउंट जी क्लाउडवर अवलंबून नाहीत आणि ज्यांचे पासवर्ड कागदावर, पाकिटात, कपाटात. दुसरं काम बॅकअपचं लॉगिन वेगळं करणं. तिसरं मेल. फाइली आणि ऑफिस पॅकेज त्यानंतर. बहुतेक ठिकाणी हे नेमकं उलट्या क्रमाने करतात, आधी लोकांच्या डोळ्यासमोरचं वर्ड बदलतात, लोक चिडतात, प्रोजेक्ट बदनाम होतो आणि किल्ली तिथेच राहते.

श्लेस्विग-होल्स्टाइन हे आमच्याकडचं अगदी उत्तरेचं राज्य, त्यांनी एप्रिल २०२४ मध्ये ठरवलं की ३० हजार कॉम्प्युटर लिब्रेऑफिसवर, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या ओपन सोर्स पर्यायावर, न्यायचे. ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४० हजारांहून जास्त मेलबॉक्स मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज-आउटलुकवरून ओपन-एक्सचेंज आणि थंडरबर्ड या ओपन सोर्स मेल प्रोग्रॅमवर गेले. सोपं गेलं नाही, कोर्टांतल्या कर्मचाऱ्यांनी मेलच्या अडचणींबद्दल बरीच ओरड केली, आणि ती खरी होती. पण राज्याचा हिशोब असा की २०२६ मध्ये लायसन्सचे दीड कोटी युरो वाचतील आणि बदलाचा एकदाचा खर्च ९० लाख. डेन्मार्कचं डिजिटल मंत्रालय, फ्रान्समधलं लियॉन शहर यांनीही वाट धरली, आणि फ्रान्सने जानेवारी २०२६ मध्ये सांगितलं की २०२७ पर्यंत सरकारी लोक टीम्स-झूम सोडून व्हिझिओ नावाची स्वतःची व्हिडिओ सिस्टीम वापरतील.

म्युनिक शहराचं नाव लोक लगेच काढतात. २००३ मध्ये ठरवलं, दहा वर्षं खपून १५ हजारांच्या आसपास कॉम्प्युटर विंडोज सोडून लिनक्स या खुल्या सिस्टीमवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचा निर्णय झाला. मग म्हणतात बघा, जमत नाही. माझं मत वेगळं आहे. म्युनिक एकटं होतं. शेजारचं राज्य, केंद्र सरकार, सगळे दुसऱ्या फॉरमॅटमध्ये फाइली पाठवत होते आणि त्यांनी स्वतःचंच लिनक्स बनवून स्वतःच सांभाळायचं ओझं घेतलं. आज ओपनडेस्कसारखं पॅकेज केंद्र सरकारच्या संस्थेकडून येतं, अनेक ऑफिसं एकच गोष्ट वापरतात, दुरुस्ती एकाने केली की सगळ्यांना मिळते. बारा गावांनी मिळून विहीर खणणं आणि एकट्याने खणणं यात फरक असतो.

लिब्रेऑफिसकडे जाताना खरं कुठे अडतं ते सांगतो. एका ठिकाणी बालवाडीची फी काढायची एक एक्सेल फाइल होती, २००९ ची, ११ शीट, आत मॅक्रो, म्हणजे आपोआप हिशोब करणारे छोटे प्रोग्रॅम. बनवणारे गृहस्थ रिटायर झालेले. ती फाइल नवीन सिस्टीममध्ये उघडली तर काही घरांची फी दोन-तीन युरोने वेगळी येई. सगळे म्हणाले सॉफ्टवेअर खराब. त्या गृहस्थांना विनंती करून दोन दिवस बोलावलं, चहा-केक ठेवला, एकेक ओळ वाचली, तेव्हा कळलं की भावंडांची सवलत कुठल्या टप्प्यावर राउंड करायची हा नियम कुठेच लिहिलेला नाही, तो फक्त त्या मॅक्रोत होता. म्हणजे त्या ऑफिसचा एक नियमच कोणाला माहीत नसताना एका फाइलीत राहत होता. चार महिने गेले त्यात. अशा फाइली प्रत्येक ऑफिसात ३०-४० असतात, आणि स्वावलंबनाचा खरा खर्च तिथे जातो, माणसांच्या वेळात. हे बजेटमध्ये लिहिणारा मंत्री मला अजून भेटला नाही.

अमेरिकन कंपन्या आता सॉव्हरिन (सार्वभौम) क्लाउड विकतात, डेटा युरोपात, कर्मचारी युरोपातले, बोर्ड युरोपातलं. माझा सल्ला, पाटी बघू नका. १० जून २०२५ ला फ्रेंच सिनेटमध्ये मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या कायदा विभागाच्या प्रमुखांना शपथेवर विचारलं की फ्रेंच नागरिकांचा डेटा फ्रेंच सरकारच्या परवानगीशिवाय अमेरिकेला जाणार नाही याची हमी देता का, ते म्हणाले नाही देऊ शकत. प्रामाणिक उत्तर होतं, कारण अमेरिकेचा २०१८ चा क्लाउड अ‍ॅक्ट कंपनी अमेरिकन कायद्याच्या कक्षेत येते का एवढंच बघतो, सर्व्हर कुठे आहे ते नाही. आणि डेटा जाणं हा एक भाग झाला, सेवा थांबणं हा दुसरा. म्हणून विक्रेता आला की मी विचारतो, एन्क्रिप्शनची किल्ली कोणाकडे, अ‍ॅडमिन हक्क कोणाकडे, अपडेट कुठून येतात, आणि अपडेट न येता ही गोष्ट किती दिवस चालेल. चौथ्या प्रश्नाला माणूस गप्प बसला की मी वही मिटतो.

पैशाच्या बाबतीत आपण भारतीय युरोपच्या पुढे आहोत, हे मी इथे अभिमानाने सांगतो आणि लोकांना आधी पटत नाही. युरोझोनमधल्या कार्ड पेमेंटपैकी जवळपास दोन तृतीयांश व्हिसा-मास्टरकार्डसारख्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांवरून जातात, कित्येक देशांत स्वतःचं कार्डच नाही. वेरो नावाचं युरोपियन पेमेंट जुलै २०२४ मध्ये सुरू झालं, अजून लहान आहे. आपल्याकडे रुपे २०१२ चं, यूपीआय २०१६ चं, ती दोन्ही चालवणारी एनपीसीआय मुंबईत बीकेसीत, आणि एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की पेमेंटचा डेटा भारतातच ठेवा, सहा महिन्यांची मुदत. तेव्हा कंपन्यांनी केवढा आरडाओरडा केला होता. रशियाचं उदाहरण मला नैतिकदृष्ट्या आवडत नाही, युक्रेनवरचा हल्ला हा गुन्हाच आहे, पण तंत्र म्हणून बघावं लागतं. २०१४ नंतर त्यांनी देशातल्या देशातले सगळे कार्ड व्यवहार, व्हिसा-मास्टरकार्डचे सुद्धा, स्वतःच्या केंद्रातून फिरवायला लावले. मार्च २०२२ मध्ये दोन्ही कंपन्या निघून गेल्या तरी त्यांची जुनी कार्डं मॉस्कोच्या दुकानात चालत राहिली, बाहेर मात्र बंद पडली. लोगो परका होता तरी वाट देशातली होती, आणि ती वाट संकटाच्या सात-आठ वर्षं आधी बांधलेली होती.

चिपच्या बाबतीत सगळं स्वतः बनवायची भाषा मला पटत नाही. नेदरलँड्सच्या वेल्डहोव्हनमधली एएसएमएल ही जगात एकटीच कंपनी जी चिपवर अतिसूक्ष्म रचना प्रकाशाने छापणारी ईयूव्ही मशिन बनवते, त्याशिवाय आजचे सगळ्यात प्रगत प्रोसेसर बनत नाहीत, तर लोक म्हणतात हाच युरोपचा हुकमाचा एक्का. पण त्या मशिनमधला प्रकाशाचा स्रोत सान दिएगोच्या सायमरकडून येतो, आरसे जर्मनीच्या झाइसचे, लेझर जर्मनीच्याच ट्रम्फ कंपनीचा. एक्का खरा, पण अर्धा त्यांच्याच पत्त्यांत. आपल्याला हे पुण्यात शिकायला मिळालंय. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने हवा होता तो क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक निघालं, विजय भटकरांच्या टीमने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. त्याच्या आत ट्रान्सप्युटर चिप होत्या, ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या. भटकरांनी चिप बनवायची वाट बघितली नाही, बाजारात सहज मिळणाऱ्या चिप समांतर जोडण्याचं डोकं आपलं लावलं. एका दाराशी अडवलं तर दुसरं दार माहीत असणं, आणि आतली रचना आपल्याला समजणं, मला एवढं पुरेसं वाटतं.

मोठ्या सत्तेवर उलट दाब देऊन काही मिळवणं जमतं का, तर जमतं, चीनने २०२५ मध्ये करून दाखवलं. एप्रिलमध्ये सात रेअर अर्थवर, म्हणजे मॅग्नेटसारख्या वस्तूंना लागणाऱ्या दुर्मिळ धातूंवर, निर्यात परवाने लावले, मे महिन्यात फोर्डचा शिकागोचा कारखाना मॅग्नेटअभावी आठवडाभर बंद राहिला, आणि मेअखेर अमेरिकेने चीनवर चिप डिझाइनच्या सॉफ्टवेअरची बंदी घातली ती जुलैच्या सुरुवातीला उठवली. त्या मॅग्नेटचा चटका आपल्यालाही बसला, पुण्याच्या बजाजचं इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन जुलैत जवळपास निम्म्यावर आलं. पण चीनने हा दाब एका वर्षात तयार केला नाही, रेअर अर्थ शुद्ध करायचं घाण आणि कमी नफ्याचं काम ते तीस-चाळीस वर्षं करत होते जेव्हा बाकी जग ते सोडून देत होतं. युरोपकडे तेवढा वेळ नाही आणि एवढी एकमुखी सत्ताही नाही, आणि ती नसावी असंच मला वाटतं, त्यामुळे युरोपला वेगळा रस्ता घ्यावा लागेल.

माझ्या मते तो रस्ता असा. मोठ्या घोषणेचे निर्बंध आज लावू नयेत, कारण अमेरिकेने उत्तरादाखल एक छोटासा स्विच दाबला तरी इथली हॉस्पिटलं, महापालिका आणि कोर्टं तीन तासांत माझ्या त्या शनिवारच्या अवस्थेला येतील. त्याऐवजी सरकारी टेंडरचे नियम बदलावेत, हे निर्बंधच आहेत पण आपल्या घरातले, कोणाची परवानगी लागत नाही. नवीन करारात लिहावं की पुरवठादार बदलता आला पाहिजे, फाइली खुल्या फॉरमॅटमध्ये, किल्ली गिऱ्हाईकाकडे, आणि वर्षातून एकदा सेवा तोडून बघायची ड्रिल बंधनकारक. सरकार दरवर्षी अमेरिकन लायसन्सवर जे पैसे घालवतं त्यातला पाचवा हिस्सा जरी पाच वर्षं इथल्या लोकांना, इथल्या ओपन सोर्स कंपन्यांना ठरवून दिला तरी छोटं जातं मोठं होईल. एआयच्या चिपचं आणि अमेरिकन एफ-३५ लढाऊ विमानांचं काही होणार नाही एवढ्यात, ते मान्य करून पुढे जावं.

एक कळकळीची गोष्ट. धमकी मागे घेतली की हे काम थांबतं, मी तीनदा बघितलंय. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकेची पाळत उघड केली तेव्हा सहा महिने सगळे जागे, मग झोप. २०१८ ला इराणच्या वेळी पुन्हा तेच. आत्ताही दावोसनंतर दोन आठवड्यांत एका ऑफिसने मला फोन करून सांगितलं की आता निवळलंय तर मेलचं काम पुढच्या वर्षी घेऊ. मी त्यांना म्हटलं काम पुढे ढकला हवं तर, पण आणीबाणीची दोन अकाउंट या शुक्रवारी करा, त्याला अर्धा दिवस आणि दोन पाकिटं लागतात. त्यांनी केली.

ते ६०० माणसांचं ऑफिस, जिथे पहिली ड्रिल झाली, तिथे आम्ही नोव्हेंबरमध्ये दुसरी केली. लॉगिन आता त्यांच्या तळघरात, मेल एका जर्मन कंपनीकडे, फोन अजून क्लाउडवरच आहेत कारण तो करार २०२७ पर्यंत आहे. शनिवारी आठला तोडलं. आठ वाजून ४० मिनिटांनी बॅकअपमधून एक फाइल काढून दाखवली, नऊच्या सुमारास घरून दोघं आत आले, नवीन व्हिजिटर कार्ड पहिल्या फटक्यात निघालं. फोन मेले ते मेलेच, त्यासाठी चार साधे मोबाइल कपाटात ठेवलेत. पगारपत्रकवाल्या बाई त्या दिवशी मुद्दाम आल्या होत्या, नव्या यादीची प्रिंट घेऊन, आणि या वेळी त्यांनी ती नोटीस बोर्डावर टाचली.